आबांचा डावा हात

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत नेरकरांच्या घरी तुम्ही कशालाही जा, चहा येण्याआधी तुम्हाला फोटो दाखवला जाणार म्हणजे जाणार. मुलीचं स्थळ घेऊन आलेले असा, नाहीतर विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला, सुटका नाही. लीलाधर नाना तुम्हाला खुर्चीवरून उठवणार, भिंतीपाशी नेणार आणि विचारणार, काय दिसतं? तुम्ही म्हणणार, पगडीवाले गृहस्थ दिसतात. नाना म्हणणार, नीट बघा. तुम्ही चष्मा पुसून पुन्हा बघणार आणि म्हणणार, हातात बोरू आहे. मग नाना इतका वेळ गप्प राहणार की तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल, आणि शेवटी हळूच विचारणार, कोणत्या हातात?

डाव्या. सगळी मेख तिथेच होती.

फोटो तळहाताएवढा, आणि कागदावरचा नव्हे, काचेवरचा. सन १८७१. त्या वर्षी एक फिरता फोटोग्राफर बैलगाडीत पेट्या घालून धुळ्यात आला आणि कचेरीमागच्या मैदानात त्याने तंबू ठोकला. गावातले बडे लोक हौसेने जाऊन बसले. कोणी मांडीवर तलवार घेतली, कोणी गळ्यात गोफ घातला, कोणी शेजाऱ्याची शाल मागून आणली. नेरकर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तागडी धरणारे वाणी. त्यांच्यातला पहिला माणूस, आत्माराम, मामलेदार कचेरीत कारकून म्हणून चिकटला होता. तोही गेला. खुर्ची फोटोग्राफरची, टेबल फोटोग्राफरचं, पण तलवार नको म्हणाला. स्वतःचा बोरू आणि दौत घेऊन गेला, समोर कागद ठेवला आणि लिहितालिहिता मान वर केल्यासारखा बसला. आपण कोण आहोत आणि पुढे कोण व्हायचंय, हे त्या माणसाने एका बैठकीत ठरवून टाकलं. सहा वर्षांनी तापाने गेला. मागे पाच वर्षांचा मुलगा राहिला आणि ही काच.

आता ज्या देशात डाव्या हाताने प्रसाद घेतला तर हातावर फटका बसतो, त्या देशात डाव्या हाताने लिहिणारा पूर्वज मिळणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. नेरकरांनी त्याचा पुरेपूर मान राखला. त्यांच्यात दसऱ्याला लहान मुलाचं पाटीपूजन या आत्मारामआबांच्या फोटोसमोर व्हायचं आणि पहिला श्री डाव्या हाताने काढायचा. पुढे मूल उजव्याने लिहू लागलं तर कोणी काही म्हणायचं नाही, पण एखादं डावखुरं निघालं की घरात पेढे. आबांचा हात आला, असं म्हणायचे. चार पिढ्यांची चाल, असं नाना छातीवर हात ठेवून सांगायचे. तोही डावा.

आणि नानांना तो अधिकार होता. कारण नाना जन्माने उजवे.

पाचव्या वर्षी पहिला श्री डाव्या हाताने काढल्यावर बाकीची पोरं सोडून देतात, तसं लीलाधरने सोडलं नाही. त्याच्या मनाने घेतलं, आबांसारखं लिहायचं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं यायचं, पाटी पुसून पुसून बोटं सोलली, पण पठ्ठ्या हटला नाही. वडील मोतीलालभाऊ जिनिंग प्रेसमध्ये कारकून होते, स्वतः पक्के डावखुरे. त्यांना या हट्टाचं कौतुक वाटायला हवं होतं. पण ते शेजारी बसून बघायचे आणि अस्वस्थ व्हायचे. त्यांच्या डाव्या मनगटावर एक पांढुरका वळ होता, लहानपणी बैलाच्या दाव्याने झालाय म्हणायचे, तो चोळत बसायचे. मग म्हणायचे, "लिल्या, दोन्ही हात आपलाच शेतस रे." घरात ते अहिराणीच बोलायचे. लीलाधरला त्याचा राग यायचा. भाऊंना आपली काहीच किंमत नाही, असं वाटून तो आणखी जोराने पाटीवर दाबायचा.

चौथीत एका मास्तरांनी डाव्या हाताने लिहितो म्हणून त्याच्या बोटांवर छड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी मोतीलालभाऊंनी जिनिंगमधून सुट्टी घेतली, भिंतीवरचा फोटो उतरवला, टॉवेलात गुंडाळला आणि पायी शाळेत गेले. हेडमास्तरांच्या टेबलावर फोटो ठेवून म्हणाले, हे माझे पणजोबा, सरकारी कचेरीतले कारकून, यांना कोणी छडी मारली नाही. आयुष्यात कोणापुढे मोठ्याने न बोललेला तो माणूस. त्या दिवसापासून लीलाधरच्या बोटांना कोणी हात लावला नाही. पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला, मग मुख्याध्यापक झाला, आणि त्याच्या फळ्यावरच्या अक्षराची ख्याती अशी की शिंदखेड्याचे, साक्रीचे शिक्षक मुद्दाम वर्गाच्या दारात उभे राहून बघायचे. पुसायला जिवावर यायचं, असं पोरं सांगत.

तर अशा माणसाच्या वयाच्या शहात्तराव्या वर्षी शाळेने नवी वाचनखोली बांधली, आणि तिच्यात धुळ्यातल्या पहिल्या लिहित्या पिढीचं स्मरण म्हणून आबांचा फोटो मोठा करून लावायचं ठरवलं. चार फूट बाय तीन फूट. खंडेनवमीला अनावरण. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला घरी नानांच्या नातीचं, चिमीचं पाटीपूजन. मुलगा भूषण आणि सून दिपमाला तिला घेऊन पुण्याहून येणार होते. नानांनी एक पुस्तिका लिहिली, 'डाव्या हाताचं घर', आणि तीनशे प्रती छापूनही आणल्या. पहिलंच वाक्य होतं, आमचे मूळपुरुष आत्मारामआबा हे डावखुरे होते. माणूस इतका खूश होता की दूधवाल्यालाही एक प्रत देऊन बसला.

फोटो मोठा करायचं काम असलमकडे. चौथ्या गल्लीत त्याचं दुकान, आजोबांपासूनचं. आजोबा अब्दुल गनी फ्रेमा बांधायचे. असलम फ्रेमा बांधतो आणि जुने फोटो कॉम्प्युटरवर नीटही करतो. नानांचा विद्यार्थी. पन्नाशी उलटली तरी नाना दुकानात आले की हातातलं काम टाकून उभा राहतो. नेरकरांच्या फोटोची फ्रेम गनीमियांनीच बांधलेली, १९३८ साली, हे दोन्ही घरांना माहीत होतं आणि दोन्ही घरांना त्याचं अप्रूप होतं. असलमने फ्रेम न उघडताच वरून फोटो घेतला, कारण नानांनी बजावलं होतं, काचेला धक्का नको.

स्क्रीनवर आबा एवढे मोठे झाले की पगडीच्या घड्या मोजता येत होत्या. आणि त्यांच्या समोरचा कागदही मोठा झाला. त्यावर ओळी होत्या. घरात सगळ्यांना त्या ठाऊक होत्या, पण ती मोडी, आपल्याला काय कळणार, असं म्हणून इतकी वर्षं कोणी तिकडे नीट बघितलं नव्हतं. नाना हरखले. आबांनी काय लिहिलंय ते फोटोखाली छापायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. शाळेत त्यांच्याबरोबर विज्ञान शिकवायचे ते गुलाबसर, त्यांची मुलगी मृणाली जळगावला जुन्या दप्तरांचं काम करते, मोडी सराईत वाचते. असलमने तिला फोटो पाठवला.

तासाभरात तिचा फोन आला. काका, म्हणाली, हे वाचता येत नाही. नाना हसले, म्हणाले, आबांचं अक्षर खराब होतं की काय? ती मग म्हणाली, अक्षर सुरेख आहे, पण उलटं आहे. आरशात दिसतं तसं. असलमभाईंना फोटो डावीकडून उजवीकडे फिरवायला सांगा.

असलमने बटण दाबलं.

ओळी सुलट्या झाल्या. मृणालीने फोनवरूनच वाचून दाखवल्या: आत्माराम नेरकर, कारकून, कचेरी धुळे, दस्तुरखुद्द. पण नानांचं कागदाकडे लक्षच नव्हतं. कागदाबरोबर आबाही फिरले होते. बोरू उजव्या हातात होता.

मृणालीने समजावून सांगितलं. असल्या फोटोत मसाला, म्हणजे चित्र उमटतं तो रसायनाचा थर, काचेच्या एका बाजूला असतो आणि मागे काळं कापड लावतात. काच एका बाजूने बघितली तर माणूस खरा दिसतो, दुसऱ्या बाजूने बघितली तर आरशातला. तुमच्याकडे काच उलटी बसली आहे, एवढंच. एवढंच, म्हणे! नाना स्टुलावर बसले. असलमने पाणी दिलं, ते त्यांनी उजव्या हाताने घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी फोटोकडे पाठ करून खुर्ची मांडली. सत्तर वर्षांची ती पाटी, त्या सोललेल्या बोटांची आग, त्या छड्या, सगळं एका उलट्या काचेपायी! आणि भाऊ, आपले साधे भाऊ, छाती काढून हेडमास्तरांपुढे खोटा फोटो ठेवून आले. नानांना स्वतःपेक्षा त्यांचीच जास्त कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा संताप आला. वडिलांची कीव करायची वेळ यावी यासारखं वाईट काही नाही.

भूषणला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, नाना, कोणाला कळणार आहे? मोडी वाचणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. मृणाली घरचीच. पुस्तिका छापून झाली, पाहुण्यांना निमंत्रणं गेली, लावा तोच फोटो. मुलगा वाईट नव्हता, बापाची शोभा होऊ नये एवढंच त्याला वाटत होतं. नानांनी फोन ठेवला आणि खरं सांगायचं तर दोन दिवस ते त्याच विचारात होते. लावावा तोच. पण शाळेच्या भिंतीवर? ज्या शाळेत पोरांनी शब्द चुकला तर आपण दहादा लिहून घेतला, तिथे आपण चार फुटांची चूक टांगायची? आणि न टांगावी तर तीनशे पुस्तिकांचं काय, चिमीच्या हातात पेन्सिल कोणत्या बाजूने द्यायची, आणि आपला हा हात, हा कोणाचा म्हणायचा?

तिसऱ्या दिवशी सकाळी ते फ्रेम टॉवेलात गुंडाळून चौथ्या गल्लीत गेले. दुकानात शिरता शिरता जे बोलू नये ते बोलले. म्हणाले, असलम, तुझ्या आजोबांनी आमच्या घराला चार पिढ्या वेड्यात काढलं.

असलमने आयुष्यात कधी सरांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला, पण मान खाली गेली नाही.

"सर, तुम्ही मला मारा. पण माझ्या आजोबांच्या हातून काच उलटी बसत नाही," तो म्हणाला.

मग त्याने कारण सांगितलं. मसाल्याची बाजू बोटाला कळते, खरखरीत लागते. ती कायम आतल्या बाजूला ठेवायची, नाहीतर तिच्यावर ओरखडे पडतात, हे फ्रेमवाल्याच्या पोराला चड्डीत असताना शिकवतात. आणि मियांचा हात तर असा की जळगावची आणि अमळनेरची माणसं फ्रेमा बांधायला धुळ्यापर्यंत यायची. अशा माणसाने मसाला पुढे करून काच बसवली, तर ती चुकून बसवलेली नाही. दुसरं म्हणजे मियांची एक रीत होती. प्रत्येक फ्रेमच्या पोटात ते एक चिठ्ठी ठेवायचे. पुढे कधी कोणी कारागीर ती फ्रेम उघडेल, त्याच्यासाठी. काय केलं, काच कुठली, डिंक कुठला, कुठे जपायचं. असलमचे वडील ठेवायचे, असलमही ठेवतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. उघडू का, सर? असं त्याने विचारलं, आणि सरांनी मान हलवेपर्यंत पक्कड हातात घेतली नाही.

खिळे गंजले होते, एकेक हळूहळू निघाला. मागची फळी निघाली. मग रद्दी वर्तमानपत्राचा थर, मग काळं कापड. कापड उचललं तर त्याच्या आत, काचेला न चिकटेल असा घडी घातलेला, पिवळा कागद. उर्दूत चार ओळी. असलमने त्या आधी मनात वाचल्या. वाचल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचल्या. नाना म्हणाले, मोठ्याने वाच. तेव्हा त्याने मराठीत करून सांगितलं:

"नेरकरांचा पोरगा फोटो घेऊन आला. डावखुरा आहे. घरचे डावा हात दोरीने बांधून ठेवतात. त्याने मागितली म्हणून काच उलटी बसवली, चूक नव्हे. पुढे उघडणाऱ्याने सुलटी करण्याआधी पोराला विचारावं."

खाली तारीख आणि सही.

असलमने चिठ्ठी सरांसमोर ठेवली. बाहेर एक हातगाडीवाला केळी विकत ओरडत गेला.

१९३८ साली नेरकरांच्या घरात पोरगा एकच होता, बारा वर्षांचा मोतीलाल. फोटो तोवर लाकडी डबीत असायचा, वर्षातून एकदा दसऱ्याला निघायचा, हळदकुंकू वाहून पुन्हा आत. फोटोकडे बघतं कोण, फोटोला नमस्कार करतात. डबीला वाळवी लागली तेव्हा घरातल्या लग्नाआधी फ्रेम करून आणायला पोराला पाठवलं, एवढं नानांनी ऐकलेलं होतं. त्या वेळी घरात सत्ता आत्मारामआबांच्या मुलाची, मोठ्या बाबांची. वडील ते पाच वर्षांचे असतानाच गेले, त्यांना लिहिताना पाहिल्याचं मोठ्या बाबांना आठवत नव्हतं, आणि डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. फ्रेम भिंतीवर चढली, उजेडात आली, तेव्हा बायकांनी दाखवलं, अहो, मामंजींच्या हातात बघा, बोरू डाव्या हातात! मोठ्या बाबांनी जवळ जाऊन हाताने चाचपून बघितलं म्हणतात. बापाच्या हाताला दोरी कशी बांधणार? नातवाची दोरी सुटली. मग त्या ताठ म्हाताऱ्याने वर अभिमान म्हणून पहिला श्री डाव्याने, ही चालही घालून दिली. चार पिढ्यांची कसली, ती चाल तेवढीच जुनी.

बैलाचं दावं! नाना मनातल्या मनात म्हणाले. नेरकरांनी कधी बैल पाळला होता? तागडी आणि कचेरी, घरात बैल आला कुठून? इतकी वर्षं आपण तो पांढरा वळ बघत होतो आणि इतकी साधी शंका आपल्याला आली नाही. शेजारी बसून मनगट चोळत भाऊ म्हणायचे, दोन्ही हात आपलेच आहेत. त्यांना सांगायचं होतं, पोरा, फोटो मी फिरवलाय, तू कशाला बोटं सोलतोस? पण सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर मोठ्या बाबांची शान गेली असती, गनीमियांचं नाव गेलं असतं. आणि शाळेत त्याच पोराला छड्या बसल्या, तेव्हा ज्या ढालीने स्वतःचा हात वाचवला तीच ढाल उतरवून, टॉवेलात गुंडाळून ते मुलासाठी घेऊन गेले. खोटी आहे हे ठाऊक असून. सगळा धडा पाठ असलेला माणूस जसा ताठ उभा राहतो तसे उभे राहिले होते ते त्या टेबलासमोर, आणि आपण त्यांची कीव करत होतो.

नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. आपला बाप बारा वर्षांचा असताना एवढा धीराचा होता, या विचाराने त्यांची छाती अशी भरून आली की ती कशी आवरावी हे त्यांना कळेना. मग उठून त्यांनी असलमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मघाशी बोललो ते परत घेतो. असलमला एवढंच हवं होतं. तो म्हणाला, सर, आता चिठ्ठीत लिहिलंय तसं करावं लागेल. पोराला विचारावं लागेल.

"पोरगा गेला," नाना म्हणाले. "मला विचार."

काय ठरलं ते असलमने नव्या चिठ्ठीत लिहिलं, आणि जुनी चिठ्ठी काळ्या कापडात होती तशीच परत ठेवून नवी तिच्याशेजारी ठेवली. पोरगा हयात नाही. त्याच्या पोराला विचारलं. घरची काच आहे तशीच ठेवली, शाळेचा फोटो सुलटा केला. खाली त्याने सही केली, आणि कधी कोणत्या गिऱ्हाइकाला करू दिली नव्हती ती दुसरी सही सरांना करू दिली. सरांनी ती डाव्या हाताने केली, सावकाश, वळणदार.

राहिल्या तीनशे पुस्तिका. दोन दूरच्या नातेवाइकांनी सुचवलं की वर कागद चिकटवा, छापखान्याने म्हटलं पुन्हा छापून देतो. नानांनी कोणाचंच ऐकलं नाही. त्यांनी पहिलं वाक्य एका रेघेने खोडलं आणि त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: आत्मारामआबा उजव्या हाताने लिहीत. डावा हात मोतीलालभाऊंचा. एक प्रत झाली, दुसरी घेतली. जुनी मुख्याध्यापकी सवय, चूक झाली तर लिहून काढायची. दिवसाला चाळीस व्हायच्या, मग मनगट धरायचं, की थोडा वेळ पांझरेच्या पुलापर्यंत फिरून यायचे. भूषण खंडेनवमीच्या दोन दिवस आधी पोचला, तेव्हा टेबलावर शंभरेक प्रती बाकी होत्या. तो काही तरी बोलणार होता. बापाचं अक्षर बघितलं, खुर्ची ओढली आणि एकेक प्रत उघडून समोर सरकवत बसला. दूधवाल्याकडची प्रतही परत मागवून दुरुस्त करून दिली.

खंडेनवमीला वाचनखोली भरली. जळगावहून मृणाली आली, असलम पहिल्या रांगेत बसायला तयार नव्हता, त्याला नानांनी हाताला धरून बसवलं. पडदा सरकला. आबा चार फूट उंच, बोरू उजव्या हातात, खाली मृणालीने वाचलेल्या ओळी. ज्यांनी घरचा फोटो पाहिला होता ते एकमेकांकडे बघू लागले. नाना उठले आणि त्यांनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. दोरीही सांगितली, मोठ्या बाबांचं नावही घेतलं. शेवटी म्हणाले, आमच्या आबांनी हातात बोरू घेतला, म्हणून आम्ही शिकलेले लोक झालो, हे खरंच आहे. पण तो बोरू आपल्या हाताने धरायचा हक्क आम्हाला एका बारा वर्षांच्या मुलाने आणि एका फ्रेमवाल्याने मिळवून दिला. इतकी वर्षं मी चुकीच्या नेरकराच्या नावाने मिरवत होतो. आता बरोबर नावाने मिरवणार आहे. टाळ्या पडल्या तेव्हा असलम खाली बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

दसऱ्याला सकाळी घरी पाट मांडला. पाटीवर झेंडूची पाकळी, समोर भिंतीवर काचेतले आबा, जिथल्या तिथे. दिपमालाने पेन्सिल उचलली आणि सवयीने चिमीच्या डाव्या हाताकडे नेली. नाना म्हणाले, थांब, पाटीवर ठेव. पेन्सिल पाटीच्या मधोमध ठेवली. चिमीने आजूबाजूला बघितलं, सगळे आपल्याकडे का बघतायत ते तिला कळेना, आणि तिने उजव्या हाताने ती उचलून एक वाकडातिकडा श्री काढला. भूषणने वडिलांकडे बघितलं. नानांनी पेढ्याचा डबा पुढे ओढला आणि पहिला पेढा नातीच्या तोंडात घातला.

चिमी पेढा खाता खाता फोटोकडे बघत होती. पोरगी चौकस. तिने शाळेतला मोठा फोटोही काल नीट बघितला होता.

"आजोबा, इथले आबा उलटे का आहेत?"

"कोणीतरी मुद्दाम तसे बसवलेत."

"कोणी?"

"माझ्या भाऊंनी," नाना म्हणाले, आणि दारात कोणीतरी पाहुणा चप्पल काढत होता त्यालाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाले, "बारा वर्षांचे होते."